एकाच बाकावर दीड वर्ष

पहिलीतलं लेकरू ‘मागं पडलंय’ असं ज्यांना म्हणायचंय, त्यांनी आधी त्याची जन्मतारीख सांगावी. मग ज्याच्या मागं ते पडलंय, त्याचीही सांगावी. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतील.

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जूनमध्ये शाळेची घंटा वाजते तेव्हा डिसेंबरातलं लेकरू साडेपाच वर्षांचं असतं. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांसाठी वयाची वरची मर्यादाही ठरवून दिली आहे : ७ वर्षं, ५ महिने, ३० दिवस. हिशेब करा. एकाच वर्गात, एकाच बाकावर, नियमात राहून दीड वर्षाचं अंतर बसतं. साडेपाच वर्षांच्या लेकराला दीड वर्ष म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा पाव हिस्सा, वर थोडं जास्तच. आणि आपण पालकसभेत दोघांच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवून धाकट्याला विचारतो, ‘तुलाच का येईना?’

यात शहाणेसुरतेही फसतात. अमेरिकेत चार लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथं शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही तारीख धरतात, तिथं ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सगळ्यांत लहान ठरतात आणि सप्टेंबरातली सगळ्यांत मोठी. ‘अतिचंचल’ असल्याचं निदान या लहानांच्या वाट्याला मोठ्यांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशानं जास्त आलं होतं. म्हणजे लेकरू वयानं लहान आहे, एवढीच गोष्ट कित्येकदा दुखणं म्हणून कागदावर चढली. डॉक्टरांचं हे होतं, तर शाळेच्या गाडीसाठी फाट्यावर उभ्या असलेल्या आयांना काय दोष द्यावा?

तरी त्यांना बोलावंच लागेल. परभणी जिल्ह्यातला देवगाव फाटा म्हणजे सेलू, जिंतूर आणि मंठ्याकडचे रस्ते जिथं एकमेकांना मिळतात ती जागा. अशा कुठल्याही फाट्यावर सकाळी शाळेच्या गाडीची वाट बघत उभ्या असलेल्यांचं बोलणं ऐका.

‘तुमच्यावालं वाचायलंय का?’

‘कुठलं बाई. नुसतं चित्रं बघत बसतंय.’

‘आमचं तर पेपरातलं मोठं-मोठं अक्षर वाचायलंय. इंग्लिश बी.’

पदर धरून उभं असलेलं लेकरू हे सगळं ऐकत असतं. ते बहिरं नाही. त्याच्यापुढं त्याच्याच बद्दल असं बोललं जातं, जसं बाजारात शेळीपुढं शेळीबद्दल बोलतात. संध्याकाळी हेच लेकरू पुस्तक घेऊन बसतं आणि घडाघडा वाचून दाखवतं. आई खूश. पण जरा वाकून त्याच्या बोटाकडं बघा. बोट दुसऱ्या ओळीवर आहे आणि तोंड चौथ्या ओळीवर. धडा पाठ झालाय, वाचणं आलेलं नाही. त्यानं एक गोष्ट मात्र पक्की शिकून घेतलीय : येत नाही हे घरच्यांना कळू द्यायचं नाही. तुलनेनं लेकराला मिळतो तो हा पहिला धडा, आणि तो वाचण्याच्या कितीतरी आधी येतो.

‘सगळ्यांची वाचायलेत, आपलंच राहिलं’ ही धास्ती खरी तरी आहे का? ‘असर’चं २०२४चं सर्वेक्षण सांगतं, की देशातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळेत तिसरीला असलेल्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचू शकली. चारांत एक, तेही जेमतेम. हा आकडा समाधानाचा नाही, शाळांनी त्याची लाज बाळगावी असाच आहे. पण त्यातून एवढं तरी कळतं, की फाट्यावर ज्या ‘सगळ्यां’चं नाव घेऊन लेकराला दटावलं जातं ते ‘सगळे’ कुठंच नाहीत. ज्यांची वाचतात त्या आया बोलतात. ज्यांची वाचत नाहीत त्या गप्प उभ्या राहतात.

सरकारचंच उद्दिष्ट बघा. ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ला सुरू झालं. त्यात मुलानं समजून-उमजून मिनिटाला साठ शब्द वाचावेत ही अपेक्षा तिसरीच्या अखेरीस आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ ही पाच वर्षं मिळून एकच टप्पा धरला. अख्ख्या देशानं ज्या गोष्टीला आठ-नऊ वर्षांच्या वयापर्यंत मुदत दिली, ती तुम्हाला चौथ्या वर्षी, स्नेहसंमेलनाच्या आधी हवी आहे. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सगेट या संशोधकानं पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली मुलं आणि सातव्या वर्षी शिकलेली मुलं तपासली. अकराव्या वर्षाच्या आसपास दोघांच्या वाचण्यात फरक उरला नव्हता. मग त्या मधल्या दोन वर्षांत लेकरानं खाल्लेल्या धपाट्यांचं काय करायचं?

आता चालण्याचं घ्या, कारण तुलना तिथूनच सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतली धडधाकट बाळं बघून २००६ साली एक तक्ता काढला. आधाराशिवाय चालणं हे बाळाला ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही येतं. कधीही, आणि दोन्ही टोकांची बाळं निरोगी. जवळपास साडेनऊ महिन्यांची मोकळीक शरीरानंच दिलेली आहे. त्या अभ्यासातली शंभरात चारेक बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढच्या टप्प्यावर गेली. पण आपल्याकडं बाराव्या महिन्याच्या वाढदिवसाला बाळ चाललं नाही, की केक कापता-कापता मावशी म्हणते, ‘आमचं दहाव्यातच पळायलं होतं.’ त्या क्षणापासून आईच्या डोक्यात जो भुंगा शिरतो, तो दहावीच्या निकालापर्यंत बाहेर येत नाही.

लिहिण्याचं तर विचारूच नका. अडीच-तीन वर्षांच्या लेकराच्या हातात पेन्सिल कोंबायची आणि दुरेघी वहीत ‘अ’ गिरवायला लावायचा. त्या मनगटाकडं कुणी बघितलंय? माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची, मऊ असतात. वर्षागणिक एकेक टणक होत जातं आणि शेवटचं टणक व्हायला नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. बोटांच्या बारीक स्नायूंवर ताबा यायलाही असाच वेळ लागतो. म्हणून तीन वर्षांचं लेकरू पेन्सिल मुठीत आवळून धरतं, अख्खा दंड हलवतं, रेघ ओळीबाहेर जाते आणि पाठीत धपाटा बसतो. आपल्या जुन्या मास्तरांना हे माहीत होतं. त्यांनी अक्षरओळख मुळाक्षरांच्या क्रमानं न करता ‘ग म भ न’पासून केली. सरळ दांडा, साधी गाठ, मग वळण. हाताला जे आधी जमतं ते आधी. वर्णमालेची रांग मोडून लेकराच्या हाताची रांग लावणारी ही अक्कल आपल्याच मातीतली आहे, ती कुणी परदेशातून आणून दिलेली नाही.

जुन्या मास्तरांचं आणखी एक. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावच्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर उघडा. १ जून, १ जून, १ जून. घरी जन्माची नोंद नसायची, म्हणून गुरुजींनी अख्ख्या पिढीला एकच वाढदिवस दिला. आणि प्रवेश कसा व्हायचा? उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता येतो का, एवढंच बघायचं. धरता आला तर बस, नाही तर पुढल्या वर्षी ये. पद्धत ओबडधोबड होती, तिच्या नावानं गळे काढण्यात अर्थ नाही. पण गुरुजी समोरच्या लेकराकडं बघत होते, शेजारच्या लेकराकडं नाही. ज्यांच्या आई-बापांना स्वतःचा जन्ममहिना ठाऊक नाही, ते आज लेकरांचे महिने मोजून त्यांना पुढं-मागं लावतात, हे बघून वाईट वाटतं.

शेतकऱ्याच्या घरात तर हे मुळीच व्हायला नको. परभणी जिल्ह्यात सोयाबीनमध्ये तूर घेतात. एकच पाऊस, एकच शेत, पेरणी एकाच दिवशी. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस-७१ सोयाबीन शंभर दिवसांच्या आत-बाहेर निघतं. त्याच विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राची बीडीएन-७११ तूर दीडशे-एकशे साठ दिवस घेते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची रास लागते तेव्हा तूर नुसती हिरवी उभी असते. तिला कुणी शिव्या देत नाही. तुरीला उपटून ‘त्याच्याकडं बघ’ म्हणणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही. शेतात ज्याला एवढी समज आहे, तो उंबरठा ओलांडून घरात आला की लेकराच्या बाबतीत कसा काय विसरतो?

विसरतो, कारण घाबरलेला असतो. हे मान्य केल्याशिवाय त्याला बोलण्याचा अधिकार कुणाला नाही. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्याखाली गेला. वाटण्या होऊन-होऊन जमीन एकरांवर आली. या पट्ट्यातल्या बापाला दिसणारी बाहेर पडायची वाट एकच, पोराचं शिक्षण. शेजारी लातूर. तिथल्या पॅटर्ननं डॉक्टर-इंजिनिअर घडवले, याचा मराठवाड्याला अभिमान आहे आणि असावाही. पण बारावीसाठी केलेली ती शर्यत हळूहळू खाली झिरपली. पाचवीत नवोदयची परीक्षा, म्हणून तिसरीपासून क्लास. तिसरीला क्लास, म्हणून पहिलीत वाचता आलंच पाहिजे. पहिलीत आलंच पाहिजे, म्हणून तीन वर्षांच्या पोराला घोकंपट्टी. बाप जी धास्ती बाजार समितीच्या कट्ट्यावर गिळतो, ती घरी येऊन लेकराच्या वहीवर निघते. लेकराला सोयाबीनचा भाव माहीत नसतो. त्याला एवढंच कळतं, की बाबा माझ्यामुळं चिडलेत.

या सगळ्याला महाराष्ट्रात उत्तर शोधलं गेलं नाही असं नाही. ते उत्तर दोन बायकांनी शोधलं होतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या, नूतन बालशिक्षण संघाच्या कामाचा भार त्यांनी उचलला, आणि १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातल्या पोरांसाठी बालवाडी काढली. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. पोरं शाळेत येईनात. ताराबाईंनी पोरांना आळशी म्हटलं नाही, शाळाच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. आज देशभर ज्या नावानं सरकारी योजना चालते, ते नाव त्या अंगणातून आलंय. पुढं १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली वारली पोरं गुरं राखायला जायची, म्हणून शाळा गुरांमागं कुरणात गेली, ती कुरणशाळा. पोरगं जिथं असेल तिथून शिकवायला सुरुवात करायची, हे त्यांनी वर्षानुवर्षं राबून दाखवलं. ताराबाईंना १९६२ला पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ला पद्मश्री. आपण पदकं दिली आणि अंगणवाडीला ‘खिचडीची शाळा’ म्हणून मोकळे झालो. जिथं लेकरानं मनसोक्त माती कालवावी, मणी ओवावेत, गाणी म्हणावीत, ती जागा पालकांना ‘टाइमपास’ वाटते. टाय लावून ‘ए फॉर ॲपल’ घोकणं म्हणजे शिक्षण.

आता भाषेचं. जिंतूर तालुक्यात बंजारा तांडे पुष्कळ. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. आजीशी भांडतं, कोडी घालतं, शेळ्यांना नावानं हाक मारतं. ते पहिलीत येतं आणि मराठीपुढं गप्प बसतं. लगेच शेरा : ‘बोलत नाही, मंद दिसतंय.’ ते मंद नाही. ते दुसरी भाषा कानांनी गोळा करतंय, आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत एक वाक्य बोलणारं वर्गात कुणी नाही. मराठी घरातलं लेकरू थेट इंग्रजी शाळेत बसवलं की त्याचंही हेच होतं. घरात ज्याच्या तोंडाला क्षणभर उसंत नसते, ते गाडीत बसलं की मुकं होतं. त्याची तुलना कुणाशी करणार? आधी त्याच्याच घरातल्या बोलण्याशी करा.

‘ज्याची-त्याची गती’ म्हणून हातावर हात ठेवून बसायचं असाही याचा अर्थ कुणी काढू नये. दोन वर्षांचं झालं तरी हाकेला मान वळवत नाही, दीड वर्ष उलटून गेलं तरी उभं राहत नाही, आधी बोलत होतं ते बोलायचं थांबलं, अशा वेळी दाखवायलाच हवं, आणि लवकर. त्यासाठी यंत्रणा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीतली लेकरं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासतं. कान, डोळे, वाढ, उशिरा बोलणं-चालणं, सगळं बघतं, पुढच्या उपचाराला पाठवतं, आणि याला पैसे लागत नाहीत. अडचण अशी, की पथक येतं त्या दिवशी काही आया लेकराला घरी ठेवतात. गावात बोभाटा होईल म्हणून. तुलनेनं केलेलं सगळ्यांत मोठं नुकसान हे आहे. जिथं काही झालेलं नाही तिथं ती आईला रात्र-रात्र जागवते, आणि जिथं खरंच कमी ऐकू येतंय तिथं ती लाजेनं दार लावून घेते. शेजारणीच्या पोरावरून आपल्या पोराचे कान तपासता येत नाहीत. त्याला डॉक्टर लागतो.

शाळांनाही दोन शब्द. प्रवेशाच्या वेळी लेकराची किंवा आई-बापाची परीक्षा घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमानं बंदी आहे. चार वर्षांच्या पोराला खुर्चीवर बसवून रंग विचारणं हा ‘इंटरॲक्शन’ नाही, ती परीक्षाच. आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर शनिवारी एका लेकराचा ‘स्टार’ लावलेला फोटो टाकणं तातडीनं बंद करा. एका फोटोपायी बाकीच्या तीस-पस्तीस घरांत त्या संध्याकाळी काय बोललं जातं, याची कल्पना करून बघा. त्यापेक्षा प्रगतिपुस्तकावर नावापुढं वय छापा, वर्षं आणि महिने. १९९५च्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’नं देशभर एक साधी गोष्ट करून दाखवली : मुलांचे गट इयत्तेवर न करता त्यांना आज काय येतं त्यावर करायचे. अक्षरं येणारी एकीकडं, शब्द वाचणारी दुसरीकडं, आणि महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा बघून गट बदलायचे. दोन शिक्षकी शाळेतही हे जमतं.

एका जागी मात्र तुलना व्हायलाच हवी, आणि नेमकी तिथं कुणी करत नाही. दिवाळीच्या आगेमागे या भागातली कुटुंबं उचल घेऊन मुकादमाबरोबर ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. लेकरू सोबत जातं. चार-पाच महिने कोपीत राहायचं, धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं. मार्च-एप्रिलात ते परत येतं तेव्हा वर्ग वजाबाकी संपवून पुढं गेलेला असतो आणि त्याला ‘ढ’ म्हणायला सगळे मोकळे. या लेकराला ‘आपल्या गतीनं शिकू दे’ म्हणणं ही फसवणूक आहे. त्याची गती शाबूत आहे, त्याच्याकडून शाळेचे दिवस काढून घेतले गेलेत. त्याच्या हजेरीचे दिवस गावात राहिलेल्या लेकराच्या हजेरीशी ताडून बघा. कागदावर त्याच्यासाठी हंगामी वसतिगृह आहे, दुसऱ्या गावी गेल्यावर तिथल्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्डही आहे. वसतिगृह टोळ्या निघायच्या आत सुरू झालं का, कार्ड किती लेकरांच्या दप्तरात गेलं, परत आल्यावर त्यांना ऑक्टोबरात सोडलेल्या जागेपासून शिकवायला कुणाला नेमलंय, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारता येतं. त्या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, कायद्यानं. बैठक दिवाळीच्या आधी लावा.